पंख्यांना वीज द्यायची, बोर्ड न जाळता

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला पंखा हातात घेऊन उलटा करा. मधल्या गोल भागावर एक छोटा स्टिकर दिसेल. तो कुणी वाचत नाही. दुकानदार वाचत नाही, कॅबिनेट जोडून देणारा वाचत नाही, आणि विकत घेणारा तर दिव्यांचे रंग बघण्यात गुंग असतो. त्यावर साधारण ‘डीसी १२ व्ही, ०.१५ ए’ असं काहीतरी छापलेलं असतं. हा पंखा बोर्डाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाला, लावायचा की नाही, लावायचा तर कुठे आणि एका जागी असे किती, हे सगळं त्या दोन आकड्यांवर ठरतं.

माझ्या मावसभावाने नागपुरात कुणाकडून तरी वापरलेलं कॅबिनेट घेतलं, पाच पंख्यांसकट. मे महिन्यात एका रात्री त्याचा फोन. “दादा, मशीनमधून जळल्यासारखा वास येऊन राहिला. गरमीनं असंल का?” व्हिडिओ कॉलवर त्याला बाजूची काच काढायला लावली. पाचही पंख्यांच्या वायरी एकमेकींत अडकवून शेवटचा एकच प्लग बोर्डावर खोचलेला होता. प्रत्येक पंख्यावर ०.३ अँपिअर. पाच त्रिक पंधरा, म्हणजे दीड अँपिअर. बोर्डाच्या त्या हेडरची, म्हणजे प्लग बसतो त्या पिनांच्या जागेची, ताकद होती एक. हेडरचं पांढरं प्लास्टिक एका बाजूने बिस्किटासारखं तपकिरी झालं होतं. बोर्ड वाचला, पण तो हेडर कायमचा गेला.

ही चूक इतकी सोपी आहे की पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणारा प्रत्येक जण तिच्या जवळून जातो. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

स्टिकर वाचणे

सगळ्यात आधी व्होल्ट बघा. बोर्डावरच्या हेडरला चालतो तो १२ व्होल्ट डीसीचा पंखा. हे उघड वाटेल, पण आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात वेल्डिंग मशीन, स्टॅबिलायझर, कंट्रोल पॅनेल यांच्यासाठी चार इंची पंखे मिळतात. आकार हुबेहूब तोच, चार कोपऱ्यांतली भोकंही तीच. अंग मात्र जाड धातूचं आणि स्टिकरवर २३० व्होल्ट एसी. तो घरच्या विजेवर चालणारा पंखा आहे, त्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. दुसरा फसवा प्रकार २४ व्होल्टचा. थ्रीडी प्रिंटरमधले बरेच पंखे तसे असतात. १२ व्होल्टवर तो मरगळल्यासारखा फिरेल किंवा जागचा हलणारच नाही, आणि तुम्ही उगाच बोर्डाला दोष द्याल.

मग अँपिअर बघा. काही कंपन्या अँपिअरऐवजी वॅट छापतात. तेव्हा वॅटला १२ ने भागायचं. १.८ वॅट म्हणजे ०.१५ अँपिअर. चांगला १२० मिलिमीटरचा साधा पंखा ०.१ ते ०.२ अँपिअरच्या आसपास असतो. दिवे असलेले स्वस्त पंखे ०.३ पर्यंत सहज जातात. सर्व्हरमधून काढलेले जाडजूड पंखे भंगारात स्वस्त मिळतात. त्यांतले कित्येक एकटेच एक अँपिअरच्या वर ओढतात. असा पंखा दिसला की हौस आवरा. आवाजही असा करतो की शेजारी विचारायला येतील.

बोर्डावरचे हेडर

बोर्डावर तीन किंवा चार पिनांचे छोटे उभे हेडर असतात आणि शेजारी बारीक अक्षरांत नावं छापलेली असतात. सीपीयू फॅन आणि सीपीयू ऑप्ट (दोन्ही प्रोसेसरच्या पंख्यांसाठी), सिस फॅन किंवा चा फॅन, आणि हल्लीच्या बोर्डांवर पंप. ‘चा’ म्हणजे चहा नव्हे, चॅसी, म्हणजे आपलं कॅबिनेट.

प्रत्येक हेडरची मर्यादा बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेली असते. खोक्यातली पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या नावाने पीडीएफ मिळते. बऱ्याच बोर्डांवर साध्या हेडरला १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट, एवढी मर्यादा असते. काही बोर्ड २ अँपिअर देतात. पंपाच्या हेडरला २ किंवा ३ अँपिअरही असतात. पुस्तिका सापडलीच नाही तर सगळे हेडर एक अँपिअरचे समजून चला.

त्या एका अँपिअरलाही पूर्ण भिडू नका. थांबलेला पंखा फिरायला लागतो त्या क्षणी तो नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतो. थांबलेली सायकल सुरू करताना पहिलं पेडल जड जातं तसंच. कॉम्प्युटर चालू करताना सगळे पंखे एकदमच उठतात. म्हणून स्टिकरवरच्या आकड्यांची बेरीज मी पाऊण अँपिअरच्या आत ठेवतो. ०.१५ चे चार पंखे एका हेडरवर, म्हणजे ०.६. चालेल. ०.३ चे दोन, तेही ०.६. तिसरा आला की ०.९. कागदावर बसतं, पण मी लावणार नाही.

चार वायरी कशासाठी

तीन पिनांच्या पंख्यात एक वायर ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी वेग सांगणारी. पंखा एका फेऱ्यात दोनदा ठोका पाठवतो, बोर्ड ते ठोके मोजून आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते दाखवतो. या पंख्याचा वेग कमी करायचा तर बोर्डाला १२ व्होल्टचे ९ किंवा ७ करावे लागतात. त्याला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, डीसी मोड म्हणतात.

चौथी वायर आली की गोष्ट बदलते. पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळत राहतात, आणि किती जोरात फिरायचं हे चौथ्या वायरीवरून कळवलं जातं. तो सिग्नल सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होतो. त्यात चालूचा हिस्सा जेवढा मोठा, तेवढा पंखा जोरात. हा पीडब्ल्यूएम मोड. या वायरीतून वीज म्हणावी अशी जातच नाही, जातो तो फक्त हुकूम. हे लक्षात ठेवा, पुढे हब (बरेच पंखे एकत्र जोडायची पेटी) घेताना याच गोष्टीचा फायदा घ्यायचा आहे.

रंगांबद्दल एक इशारा. चार वायरींच्या पंख्यात बहुतेक वेळा काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेगाची, निळी हुकमाची. पण जुन्या तीन वायरींच्या पंख्यात काळी, लाल, पिवळी असतात, आणि तिथे १२ व्होल्ट लाल वायरीत असतात, पिवळी वेगाची असते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोलेक्स केबलमध्ये (चार जाड पिनांचा जुना प्लग) मात्र पिवळी १२ व्होल्ट आणि लाल ५ व्होल्ट. आता कुणी पकड घेऊन ‘पिवळीला पिवळी, लालला लाल’ असं जोडलं तर काय होईल? वेगाच्या नाजूक वायरीत थेट १२ व्होल्ट. हल्ली तर चारही वायरी काळ्याच येतात, रंगाचा प्रश्नच मिटला. वायरी कापून जोडण्याच्या भानगडीत पडू नका. तयार कनेक्टर स्वस्तात मिळतो.

कनेक्टर मात्र शहाणा आहे. हेडरच्या मागे प्लास्टिकची एक उभी पट्टी असते ती पहिल्या तीन पिनांमागे, आणि पंख्याच्या प्लगला त्या पट्टीला धरणाऱ्या दोन कडा असतात. त्यामुळे तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरमध्ये बरोबर जागी बसतो, चौथी पिन मोकळी राहते. चार पिनांचा पंखा तीन पिनांच्या हेडरमध्येही चालतो. प्लग आत जात नसेल तर तो उलटा आहे. जोर लावू नका, फिरवून बघा.

प्रत्यक्ष जोडणी

कॉम्प्युटर शट डाउन करा. एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, भिंतीतला प्लग काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कधी कधी पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. आत उरलेली वीज तेवढ्याने निघून जाते.

इथे एक घरगुती तपासणी. कॉम्प्युटर चालू असताना कॅबिनेटच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा तुम्ही तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावलाय. पंखे राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

प्लग काढल्यावर कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावून घ्या. आता पंख्याची दिशा बघा. ज्या बाजूला स्टिकर आणि त्याला धरणाऱ्या काड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचे बाहेर टाकणारे. स्क्रू चारही थोडे थोडे बसवून मग आवळा. एकच आधी घट्ट केला की बाकीची भोकं जुळत नाहीत.

पहिला मान प्रोसेसरच्या पंख्याचा. तो सीपीयू फॅन हेडरलाच लागला पाहिजे. तिथे ठोके आले नाहीत तर बरेच बोर्ड चालू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ म्हणून अडून बसतात. पाण्याचा कूलर असेल तर त्याच्या पंपाची वायर पंप हेडरला, रेडिएटरवरचे (पाणी गार करणाऱ्या जाळीवरचे) पंखे सीपीयू फॅनला. पंप पूर्ण वेगावरच ठेवायचा.

मग कॅबिनेटचे पंखे, एका हेडरला एक, जिथवर हेडर पुरतील तिथवर. वायर ओढून ताणू नका. दोन बोटांनी प्लग धरून सरळ खाली दाबा, आणि काढतानाही प्लगच धरा, वायर नव्हे. सैल वायरी झिप टायने बाजूला बांधा. पात्यांना वायर घासून टिकटिक आवाज येणं हा नवख्यांचा सगळ्यात नेहमीचा ‘बिघाड’ आहे.

चालू मशीनमध्ये पंख्याचा प्लग घालायचा मोह होतो. मला माहीत आहे, कारण मीही ते केलंय. पण ग्राउंड आणि १२ व्होल्ट या पिना अगदी एकमेकींच्या शेजारी असतात. प्लग तिरका झाला, हातातला पेचकस घसरला, की दोन्ही एकदम जोडल्या जातात. बंद करून परत चालू करायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

हेडर कमी, पंखे जास्त

इथेच मावसभावाची गोष्ट घडते. कॅबिनेटला सहा पंखे आणि स्वस्त बोर्डावर कॅबिनेटसाठी एक किंवा दोन हेडर.

स्प्लिटर म्हणजे एका हेडरला दोन तोंडं. तो नवी वीज आणत नाही, आहे तीच वाटतो, म्हणून बेरीज करायचीच. नीट बनवलेल्या स्प्लिटरच्या दुसऱ्या तोंडात वेगाची पिन मुद्दामच नसते. दोन पंख्यांचे ठोके एकाच वायरीत आले तर बोर्ड गोंधळतो आणि भलतेच आरपीएम दाखवतो. म्हणून दुसऱ्या तोंडात तीनच पिना दिसल्या तर तुटका माल दिला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. दोन पंखे, तेही एकाच मॉडेलचे, यासाठी स्प्लिटर उत्तम. स्प्लिटरला स्प्लिटर जोडायची वेळ आली की थांबा.

त्याच्या पुढे हब. हबला एक सॅटा (हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग) किंवा मोलेक्स केबल एसएमपीएसकडून येते, आणि एक बारीक केबल बोर्डाच्या हेडरला जाते. पंख्यांची सगळी वीज एसएमपीएसमधून येते, बोर्डाकडून येतो तो फक्त हुकूम, आणि बोर्डाला परत जातात ते एका पंख्याचे ठोके. मग हेडरवर जवळजवळ काहीच भार उरत नाही. सॅटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर किंवा ५४ वॅट. ०.३ चे सहा पंखे लावले तरी १.८ होतात.

हब घेताना तीन गोष्टी बघतो. एक, त्याला एसएमपीएसची केबल खरोखर आहे का. नुसत्या पट्टीवर आठ तोंडं चिकटवून ‘हब’ म्हणून विकलेला माल मी पाहिलाय, तो फक्त मोठा स्प्लिटर असतो. दोन, ठोके कोणत्या तोंडातून बोर्डाला जातात. ते सहसा पहिलं असतं किंवा वेगळ्या रंगाने दाखवलेलं. तिथे पंखा लावलाच पाहिजे, नाहीतर बोर्ड शून्य आरपीएम दाखवत राहील. तीन, हब पीडब्ल्यूएमवाला असेल तर तीन पिनांचे पंखे त्यावर सतत पूर्ण वेगाने फिरतील, कारण हुकूम ऐकणारी वायरच त्यांना नाही. जुने-नवे पंखे मिसळायचे असतील तर जुने बोर्डावर डीसी मोडमध्ये आणि नवे हबवर.

मोलेक्सपासून सॅटा बनवून देणारे स्वस्त अडॅप्टर टाळा. त्यांतल्या साच्यात ओतलेल्या प्लगच्या आत वायरी एकमेकींच्या फार जवळ येतात आणि ते पेटल्याची उदाहरणं आहेत. एसएमपीएसवर मोकळा सॅटा प्लग नसेल तर मोलेक्सवर चालणारा हबच घ्या. आणि मोलेक्सच्या पिवळ्या-लाल वायरींमध्ये पंखा जोडून ७ व्होल्ट काढायची जुनी युक्ती कुणी सुचवली तर हसून सोडून द्या. त्यात पंख्याचा करंट ५ व्होल्टच्या लाइनमध्ये उलटा ढकलला जातो.

कॅबिनेटसोबत येणाऱ्या काही पंख्यांना सहा पिनांचा वेगळाच प्लग असतो. तो त्या कॅबिनेटच्या स्वतःच्या कंट्रोलरसाठी असतो, बोर्डासाठी नाही.

दिव्यांची वायर वेगळी

रंगीत पंख्याला दोन वायरी असतात, एक मोटरची आणि एक दिव्यांची. दिव्यांचे दोन प्रकार. १२ व्होल्टचा साधा आरजीबी, ज्यात सगळे दिवे एकाच रंगाचे होतात, त्याच्या हेडरला चार पिना. ५ व्होल्टचा एआरजीबी, ज्यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो, त्याला चारच्या जागेत तीन पिना, मधली एक जागा रिकामी. ५ व्होल्टची वायर जबरदस्तीने १२ व्होल्टच्या हेडरमध्ये घातली तर दिवे त्या क्षणी जातात, आणि ते परत येत नाहीत. बोर्डावर शेजारी ‘१२ व्ही’ की ‘५ व्ही’ हे छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. दिवेही वीज खातात. एआरजीबी पंख्यांत मोटरच्या स्टिकरवर दिव्यांचा हिशेब असेलच असं नाही, पण त्यांची वीज वेगळ्या हेडरमधून येत असल्याने ती पंख्याच्या बेरजेत धरायची नसते. मोटर आणि दिवे एकाच प्लगवर चालणारे जुने पंखे मात्र जास्त ओढतात, मावसभावाचे तसेच होते.

पहिल्यांदा चालू करताना

बाजूची काच न लावता चालू करा आणि प्रत्येक पंखा फिरतोय का डोळ्यांनी बघा. बायोसमध्ये जा. असुसवर ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटवर ‘स्मार्ट फॅन’, एएसरॉकवर ‘फॅन-टॅस्टिक’ अशी नावं सापडतील. प्रत्येक हेडरचा मोड तपासा. तीन पिनांच्या पंख्याला डीसी, चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम. मोड चुकला की काय होतं ते ओळखणं सोपं आहे. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर अखंड घोंघावतो. चार पिनांचा पंखा डीसीवर चालतो, पण कमी वेगात अडखळतो.

आता तापमानाप्रमाणे वेगाची रेषा. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार रेषा बहुतेक थंड खोल्यांसाठी असतात. ३० अंशांना पंखे जवळजवळ बंद, ४० ला थोडा वेग, वगैरे. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर आणि बिनएसीच्या खोलीत ४० असताना ती रेषा म्हणजे पंखे सतत जोरातच. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, तो खोलीचीच हवा आत ओढतो. म्हणून मी सुरुवात ५० अंशांवर ४० टक्क्यांनी करतो, ७० ला ७० टक्के, ८० ला पूर्ण. सगळ्यात खालचा टप्पा २५-३० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. कित्येक पंखे त्याखाली थांबतात, आणि डीसी मोडमध्ये थांबलेला पंखा कमी व्होल्टवर पुन्हा सुरू होत नाही. बायोसमध्ये वेग वाढवण्या-कमी करण्याला काही सेकंदांचा उशीर ठेवायची सोय असते, ती वापरा. नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखे दम लागल्यासारखे वर-खाली होतात.

विदर्भातला आणखी एक प्रश्न कूलरचा. कॅबिनेट वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवा गार लागते, पण पाण्याचे बारीक तुषार आणि त्यातले क्षार बोर्डावर बसतात.

अर्धा तास काहीतरी जड काम चालवा, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग. मग शट डाउन करून प्लग काढा आणि लगेच हेडरच्या प्लास्टिकला, स्प्लिटरच्या जोडाला, सॅटाच्या प्लगला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर बेरीज चुकली आहे, स्टिकर परत वाचा.

आणि दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारताना पात्यांना बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या जोराने पंखा गरगर फिरला की त्याची मोटर डायनामोसारखी वीज तयार करते आणि ती हेडरमध्ये उलटी जाते. बेअरिंगचेही हाल होतात ते वेगळेच.

मावसभावाच्या मशीनमध्ये आता सॅटाचा हब आहे, त्यावर समोरचे तीन आणि वरचा एक. मागचा पंखा एकटाच सीपीयू ऑप्टवर, म्हणजे प्रोसेसर तापला की तोही जोर धरतो. जळलेल्या हेडरवर त्याने काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे आणि वर पांढऱ्या पेनाने लिहिलंय, ‘मेला आहे, लावू नये’.